भोंगा वाजला तर काय करायचे?



कारखान्याचा भोंगा आपल्या सर्वांच्या अंगवळणी पडलेला आहे. भोंगा झाला की पाळी बदलली, भोंगा झाला की पोरांची शाळेची वेळ झाली, भोंगा झाला की वैरणीला निघायचे. चार-पाच मैलांवरच्या वस्तीवरसुद्धा त्याच्यावर दिवस चालतो. पण कारखान्याला आणखी एक भोंगा असतो, धोक्याचा. तो कसा वाजतो, केव्हा वाजतो आणि वाजला तर आपण काय करायचे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

हा लेख लिहायच्या आधी आम्ही काट्यावर, गाडीतळावर आणि दोन-चार गावांच्या पारावर हाच प्रश्न विचारून पाहिला. उत्तरे मासलेवाईक आली. "भोंगा अवेळी झाला म्हणजे गव्हाण बंद पडली असंल." "आग लागली असंल, बघाय जायचं." एक वयस्क सभासद म्हणाले, "आपला कारखाना हाय, पळत जायाच पायजे की मदतीला."

त्यांची भावना मोलाची आहे. सहकार याच भावनेवर उभा आहे. पण वायू सुटला असेल तर कारखान्याकडे धावणारा माणूस मदत करीत नाही, तो बळी जातो. म्हणून सभासदांपुढे हा विषय सविस्तर मांडावा असे आम्हांस वाटले.

आपल्या कुंपणाच्या आत आहे तरी काय?

"साखरेच्या कारखान्यात कसलं आलंय विष?" असे पुष्कळजण म्हणतात. साखर गोड आहे हे खरे, पण ती पांढरी करण्याच्या वाटेवर बरेच काही लागते.

पहिले गंधक. रस शुद्ध करण्यासाठी गंधकभट्टीत गंधक जाळून सल्फर डायऑक्साइड वायू तयार करतात आणि तो चुन्याच्या निवळीबरोबर रसात सोडतात. एक किलो गंधक जळले की दोन किलो वायू होतो. म्हणजे ५० किलोचे एक पोते पेटले तर १०० किलो वायू! गोदामातील गंधकाच्या थप्पीला ठिणगी लागली तर काय होईल, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. हा वायू हवेपेक्षा दुपटीहून जड आहे. तो वर न जाता जमिनीसरसा पसरतो. डोळे, घसा आणि छाती धरतो. दमेकऱ्याला तर थोडासुद्धा सोसत नाही.

दुसरे अल्कोहोल. डिस्टिलरी असलेल्या कारखान्यांत स्पिरिट आणि इथेनॉल यांच्या मोठ्या टाक्या असतात. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले. त्यात साखर कारखान्यांचा वाटा मोठा आहे आणि त्याचा चार पैशांचा फायदा आपल्या उसाच्या दरालाही होतो. पण त्याबरोबर आपल्या रस्त्यांवरचे टँकरही वाढले. इथेनॉलची वाफ साध्या उन्हाळी हवेतसुद्धा पेट घेते. त्याची ज्योत फिकट निळी असल्याने भर दुपारी ती नीट दिसत नाही. जवळ गेलेल्याला पोळल्यावरच आग असल्याचे कळते. ही आग विझवायला नेहमीचा फेसही चालत नाही, अल्कोहोलसाठीचा खास फेस लागतो.

तिसरी मळी. मळीला कोण घाबरणार? पण १५ जानेवारी १९१९ रोजी अमेरिकेतील बोस्टन शहरात मळीची एक टाकी फुटली. पन्नास फूट उंचीच्या त्या टाकीत सुमारे ८७ लाख लिटर मळी होती आणि ती अल्कोहोल करण्यासाठीच साठवली होती. मळीचा लोंढा रस्त्याने धावला आणि त्यात २१ माणसे मेली, दीडशेच्या आसपास जखमी झाली. ती टाकी बांधल्यापासून गळत होती. शेजारची पोरे गळणारी मळी डब्यांत भरून नेत. कंपनीने काय केले? गळती दिसू नये म्हणून टाकीला तपकिरी रंग दिला. आमच्या मते धोक्याची माहिती दडवणे म्हणजे काय, हे सांगायला याहून बोलका दाखला नाही.

याखेरीज बाष्पपात्रे धुण्यासाठी कॉस्टिक सोडा आणि आम्ल असते, पाणी शुद्ध करण्यासाठी कोठे कोठे क्लोरीन असतो. किण्वनाच्या टाक्यांत कार्बन डायऑक्साइड साचतो. स्पेंटवॉशच्या खड्ड्यांत आणि बायोगॅसच्या टाकीत हायड्रोजन सल्फाइड असतो. त्याचा वास प्रथम कुजक्या अंड्यासारखा येतो, पण प्रमाण वाढले की नाकच बधिर होते आणि वास येईनासा होतो. "वास गेला, म्हणजे वायू गेला" असे समजून एक आत उतरतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, आणि दोघेही राहतात. जुन्या विहिरीत असे घडलेले आपल्यातील अनेकांनी ऐकले असेल. साखरेची बारीक भुकटीसुद्धा निर्धोक नाही. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात पोर्ट वेंटवर्थ येथील साखर शुद्धीकरण कारखान्यात ७ फेब्रुवारी २००८ रोजी साखरेच्या धुळीचा स्फोट होऊन १४ कामगार दगावले.

भोपाळची किंमत

या साऱ्या विषयाचा पाया भोपाळमध्ये घातला गेला, आणि तो माणसांच्या प्रेतांवर घातला गेला. २ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री युनियन कार्बाइडच्या कीटकनाशक कारखान्यातील टाकीत पाणी शिरले आणि सुमारे ४० टन मिथिल आयसोसायनेट वायू झोपलेल्या शहरावर पसरला. सरकारने पुढे मान्य केलेला मृतांचा आकडा ३,७८७ आहे. वायुपीडितांच्या संघटना याहून कितीतरी मोठा आकडा सांगतात.

यंत्रे का बिघडली, शीतकरण का बंद होते, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. आपण गावकरी म्हणून ध्यानात घ्यायची गोष्ट वेगळी आहे. कुंपणाला लागून हजारो लोक राहत होते आणि आत काय साठवले आहे हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. बाहेरचा भोंगा थोडा वेळ वाजून बंद झाला. लोक वाट फुटेल तिकडे पळाले, कित्येक वायूबरोबर त्याच दिशेने पळाले. नाकातोंडावर ओला कपडा धरावा एवढी साधी गोष्ट कोणी आधी सांगितली असती, तरी काही जीव वाचले असते. दवाखान्यांत रोगी आले तेव्हा कोणत्या वायूवर उपचार करायचे हे डॉक्टरांनाही कळेना.

ती डिसेंबरातली थंड रात्र होती. आपल्याकडे डिसेंबर म्हणजे गळीत हंगामाचा भर. थंडीच्या पहाटे चुलींचा धूर वर न जाता गावावर कसा बसून राहतो, ते आपण रोज पाहतो. जड वायूही तसाच बसून राहतो.

वर्षभरात, ४ डिसेंबर १९८५ रोजी, दिल्लीत श्रीराम खत कारखान्यातून ओलियमची गळती झाली. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, धोकादायक धंदा करणाऱ्याला "आमची चूक नव्हती" असे म्हणून भरपाईतून सुटता येणार नाही. तिकडे अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातील इन्स्टिट्यूट गावी त्याच युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून ऑगस्ट १९८५ मध्ये वायू सुटला आणि शंभराहून अधिक लोकांना दवाखाना गाठावा लागला. १९८६ मध्ये तेथे कायदा झाला. धोकादायक रसायनांचा साठा बाळगणाऱ्या प्रत्येक कारखान्याने दरवर्षी १ मार्चपर्यंत त्याची यादी राज्याच्या आयोगाला, स्थानिक समितीला आणि अग्निशमन दलाला द्यायची. स्थानिक समितीत पोलीस, बंब, डॉक्टर, वार्ताहर, कारखानदार आणि गावकरी एकत्र बसून आराखडा करणार. कोणाही नागरिकाला ती यादी पाहायला मागता येते. भोपाळच्या मृत्यूंनी अमेरिकेतील खेड्यापाड्यांना हा हक्क मिळवून दिला, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

आपल्या कायद्यात आपली खुर्ची

आपल्या देशातही नियम झाले. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आणि त्याखाली १९८९ मध्ये घातक रसायनांचे उत्पादन, साठवण व आयात यांचे नियम आले. ठरावीक मर्यादेवर साठा असणाऱ्या कारखान्याने कुंपणाच्या आतील संकटाचा आराखडा करायचा आणि त्याची रंगीत तालीम दर सहा महिन्यांनी घ्यायची. कुंपणाबाहेरचा आराखडा जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनी करायचा व त्याची तालीम वर्षातून एकदा घ्यायची. आसपासच्या लोकांना धोका काय आहे आणि काय करावे, याची माहिती आधीच द्यायची. मोठा अपघात झाल्यास ४८ तासांत लेखी कळवायचे.

पुढे १९९६ मध्ये रासायनिक अपघातांचे स्वतंत्र नियम झाले. त्यांत केंद्र, राज्य, जिल्हा आणि स्थानिक अशी चार पायऱ्यांची संकट गटांची रचना आहे. जिल्हा गटाचे अध्यक्ष कलेक्टर. औद्योगिक पट्ट्यासाठी लोकल क्रायसिस ग्रुप, म्हणजे आपल्या भाषेत स्थानिक संकट गट. त्याची बैठक दरमहा व्हायची आहे. त्यात कोण बसतात ते सभासदांनी नीट वाचावे: कारखाना निरीक्षक, कारखान्यांचे प्रतिनिधी, रसायनांची वाहतूक करणारे, अग्निशमन अधिकारी, पोलीस ठाण्याचे अधिकारी, गटविकास अधिकारी, आरोग्य अधिकारी, स्थानिक पत्राचे संपादक, दोन डॉक्टर, दोन सामाजिक कार्यकर्ते, आणि जवळच्या गावचे सरपंच.

होय, सरपंच! नियमांनी गावासाठी खुर्ची ठेवलेली आहे. आता आपल्या पट्ट्यातील किती सरपंचांना हे ठाऊक आहे आणि त्या खुर्चीवर कोण बसते आहे, हे ग्रामसभेने विचारायला हरकत नाही. जेथे असा स्थानिक गटच नाही, तेथे जिल्हा गटाकडे आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो.

मर्यादेखालचा साठा

एक गोम मात्र आहे. हे मोठे नियम साठ्याच्या वजनावर चालतात. क्लोरीनची खालची मर्यादा १० टन आहे. क्लोरीनचे एक मोठे नळकांडे, ज्याला टोनर म्हणतात, ९०० किलोचे असते. कोणाच्या आवारात, कोणत्या नगरपालिकेच्या पाणीपुरवठा केंद्रात असे दोनच टोनर असले तर मोठे नियम लागू होत नाहीत. पण नाकाला मर्यादा कळत नाही. एका टोनरची झडप तुटली तरी शेजारच्या वस्तीला पळता भुई थोडी होईल.

आणि विसरलेला साठा वापरातल्या साठ्यापेक्षा वाईट. मुंबईत शिवडी येथे पोर्ट ट्रस्टच्या आवारात क्लोरीनची जुनी, कोणी न सोडवलेली नळकांडी वर्षानुवर्षे गंजत पडली होती. जुलै २०१० मध्ये एक गळले आणि शंभराच्या आसपास लोकांना इस्पितळात न्यावे लागले. आपल्या भंगाराच्या ढिगात, जुन्या पंपघरात, बंद पडलेल्या सोसायटीच्या गोदामात काय पडले आहे, हे एकदा कोणीतरी पाहिले पाहिजे.

ज्यांच्या घराला दार नाही

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा लेख मुद्दाम लिहिला, तिच्याकडे वळतो.

कुंपणाबाहेरचा आराखडा करताना गावाची लोकसंख्या जनगणनेवरून घेतात. पण गळीत हंगामात कारखान्याभोवती आणखी एक गाव वसते. बीड, अहिल्यानगर, जालना, नंदुरबारकडून टोळ्या येतात. कोप्या पडतात. बायका, पोरे, म्हातारी, बैल, शेळ्या सगळे तेथेच. हे गाव ऑक्टोबर-नोव्हेंबरात वसते आणि मार्च-एप्रिलात उठते. ते कोणत्याही मतदारयादीत नाही.

वायू सुटल्यावर द्यावयाची पहिली सूचना असते, "घरात जा, दारे-खिडक्या लावा, फटींत ओले कपडे कोंबा." पक्क्या घराला ती बरोबर आहे. पण कोपीला दार कोठे? बांबू, पाचट आणि प्लास्टिकचा कागद. आत माणसे जमिनीवर निजलेली, आणि जड वायू नेमका जमिनीसरसा येणार. त्यातून अनेक कारखान्यांवर कोप्यांचा तळ मोकळ्या, सखल जागेत, ओढ्याकाठी असतो, कारण तेथे पाणी जवळ पडते.

म्हणून कोप्यांसाठी वेगळी व्यवस्था हवी. मुकादमाकडे टोळीची यादी असतेच, ती शेती खात्याकडेही असते. त्या यादीत बायका-मुलांसह माणसे मोजून एक प्रत संकट आराखड्याला जोडली, तर काम निम्मे झाले. तळाची जागा गंधक गोदाम आणि स्पिरिटच्या टाक्यांपासून लांब, शक्यतो उंचावर निवडावी. रात्रपाळीचे कोणते ट्रॅक्टर माणसे हलवायला येणार, हे आधी ठरवावे. हंगामाच्या पहिल्या आठवड्यात मुकादमांना बोलावून, त्यांच्या बोलीत, अर्धा तास समजावून सांगावे. जे आपला ऊस तोडतात त्यांचा जीव आपल्या आराखड्याबाहेर राहता कामा नये.

खबर कशी द्यावी

४८ तासांचा लेखी अहवाल कचेरीसाठी आहे. गावासाठी पहिली पाच मिनिटे महत्त्वाची. तातडीचा सर्व कामाचा क्रमांक ११२, अग्निशमन १०१, रुग्णवाहिका १०८ आणि जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७. फोनवर नुसते "लवकर या, लवकर या" म्हणू नका. पुढील गोष्टी सांगा:

१. ठिकाण, आणि तेथे कोणत्या रस्त्याने यावे.
२. काय सांडले किंवा सुटले. नाव ठाऊक नसेल तर रंग आणि दुरून जाणवलेला वास.
३. आग आहे की नाही.
४. वारा कोणीकडे वाहतो. कारखान्याच्या चिमणीचा धूर पाहिला की कळते.
५. किती माणसे अडकली आहेत, जवळ कोणती वस्ती आहे.

टँकर उलटला असेल तर त्याच्या पाठीवरील व बाजूवरील पाटी दुरूनच वाचा. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे धोकादायक माल नेणाऱ्या वाहनावर ही पाटी सक्तीची आहे. तिच्यावर चार आकडी क्रमांक असतो: इथेनॉल ११७०, क्लोरीन १०१७, अमोनिया १००५, स्वयंपाकाचा गॅस १०७५, पेट्रोल १२०३, गंधकाम्ल १८३०. एवढा क्रमांक फोनवर सांगितला तरी बंबवाल्यांना काय घेऊन यायचे ते कळते. शाळकरी पोरांना हे क्रमांक पाठ करायला दिले तर ती मोठ्यांआधी शिकतील.

आणि सांडलेले भरून घ्यायला कॅन घेऊन जाऊ नका! पाकिस्तानात बहावलपूरजवळ २५ जून २०१७ रोजी उलटलेल्या टँकरचे तेल भरून घ्यायला लोक जमले, टँकर पेटला आणि दोनशेहून अधिक माणसे गेली. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, हे आपण नुसते म्हणण्यापुरते ठेवू नये.

वायू आला तर

कारखान्याकडे जाऊ नका. नाकातोंडावर ओला रुमाल, पदर, टॉवेल धरा. वाऱ्याबरोबर पळू नका. वाऱ्याच्या आडव्या दिशेने, उंच जागेकडे जा. ओढा, चर, विहिरीचा काठ टाळा. पक्के घर जवळ असेल तर आत जाऊन दारे-खिडक्या लावा, पंखा व कूलर बंद करा. वेळ असेल तर जनावरांची दावी सोडा, नसेल तर आधी माणसे. इथेनॉल सांडले असेल तर विडी, काडी, मोबाईल, ट्रॅक्टरचा स्टार्टर यांतले काही नको. खड्ड्यात, टाकीत कोणी पडला तर दोर व श्वासाचे उपकरण आल्याशिवाय मागोमाग उतरू नका. आत कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत बायोगॅस असलेल्या जागी जिवावर बेतेल.

मालकही आपण, शेजारीही आपण

काही मंडळी म्हणतील, "हे सगळं सांगून लोकांना घाबरवता कशाला?" भोपाळच्या लोकांना कोणीच घाबरवले नव्हते. माहिती असलेला माणूस कमी घाबरतो, हा आमचा अनुभव आहे. विजेच्या खांबावर कवटीचे चित्र असते, म्हणून आपण वीज घेणे सोडले काय?

दुसरे म्हणजे आपली गोष्ट खाजगी कंपनीपेक्षा वेगळी आहे. तेथे मालक दूर शहरात किंवा समुद्रापलीकडे, आणि शेजारी गरीब. येथे भागाचा दाखला ज्याच्या पेटीत आहे, त्याचेच घर कुंपणापलीकडे आहे. माहिती दडवली तर ती आपण आपल्यापासूनच दडवणार. म्हणून उतारा, दर आणि हप्ता यांच्याइतक्याच हक्काने पुढील गोष्टी वार्षिक सभेत विचाराव्यात, आणि संचालक मंडळानेही त्यांचे स्वागत करावे:

१. आवारातील धोकादायक रसायनांची, जास्तीत जास्त साठ्यासह, मराठीतील यादी काट्याजवळ लावली आहे काय?
२. मागील तालीम कोणत्या तारखेला झाली, आणि गावातले कोण हजर होते?
३. धोक्याचा भोंगा पाळीच्या भोंग्यापेक्षा वेगळा वाजतो काय? धोका टळल्याची खूण कोणती?
४. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांकडे या रसायनांची सुरक्षा माहितीपत्रके पोचली आहेत काय?
५. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी गावातून दिसेल अशा उंचीवर आहे काय?
६. कोप्यांतील माणसे मोजली आहेत काय?

यांतील बहुतेक गोष्टींना मोठा खर्च नाही. एक पाटी, एक यादी, एक बैठक, आणि वर्षातून दोन दिवस. बॉयलरचे अग्निप्रदीपन आपण दरवर्षी विधिपूर्वक करतो, मोळी टाकताना पूजा करतो. त्याच दिवशी धोक्याचा भोंगा एकदा वाजवून दाखवावा, लाउडस्पीकरवरून त्याचा अर्थ सांगावा, आणि त्या वेळी मुकादमांना व सरपंचांना पुढच्या रांगेत बसवावे, अशी आमची सूचना आहे. हंगाम सुरू होण्यापूर्वीच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा. आपल्या गावाचा ठराव झाला की त्याची एक प्रत कारखान्याच्या कचेरीत व एक तहसील कचेरीत द्यावी, आणि पोच घ्यायला विसरू नये.